सिमेंट, ॲल्युमिनियम आणि लोखंड: दोन देशांतील इंधनवापराची तुलना कशी करावी

भारतातील सिमेंट कारखाने कोळसा आणि पेटकोक (तेलशुद्धीकरणात उरणारे घन कार्बनी इंधन) जाळतात, इराणमधील कारखाने नैसर्गिक वायूवर चालतात, आणि जर्मनीतील भट्ट्यांना निम्म्याहून अधिक उष्णता शहरी व औद्योगिक कचऱ्यापासून मिळते. ही तिन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांवरून कोणता देश एक टन सिमेंटमागे किती कार्बन हवेत सोडतो हे ठरत नाही. खनिज भाजून, वितळवून किंवा विजेने फोडून माल तयार करणाऱ्या उद्योगांत खनिज इंधन अनेक वाटांनी आत येते, आणि प्रत्येक देशाची आकडेवारी यांपैकी वेगवेगळ्या वाटा मोजते. विद्यार्थी, पत्रकार, निर्यातदारांकडील हिशेबनीस किंवा चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात या उद्योगांशेजारी राहणारे नागरिक यांना ही तुलना स्वतः करून पाहता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यासाठी एक साधे गणकयंत्र, एक कोरा तक्ता आणि थोडा संशयी स्वभाव पुरेसा आहे.

आधी चार खाती उघडा

तक्त्यात पहिल्यांदा देशांची नावे लिहू नका. कार्बनची चार खाती लिहा. पहिले खाते केवळ उष्णतेसाठी जाळलेल्या इंधनाचे. दुसरे खाते रासायनिक क्रियेत भाग घेणाऱ्या कार्बनचे, म्हणजे लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेणारा कोक (हवेविना भाजलेला कोळसा) किंवा ॲल्युमिनियमच्या विद्युतघटात झिजणारा कार्बनचा ॲनोड. तिसरे खाते खुद्द दगडातून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे. चौथे खाते विजेचे, मग ती ग्रीडवरून आलेली असो वा कारखान्याच्या स्वतःच्या औष्णिक केंद्रातून.

सिमेंटमध्ये पहिले आणि तिसरे खाते भारी असते, दुसरे शून्य आणि चौथे हलके. ॲल्युमिनियममध्ये चौथे खाते इतके अवाढव्य असते की बाकीची तिन्ही मिळूनही कोळशावर चालणाऱ्या देशांत त्याच्या जवळपास पोहोचत नाहीत. लोखंडात पहिले आणि दुसरे खाते एकमेकांत असे गुंतलेले असते की ते वेगळे काढण्याचा आग्रह सोडून एकत्रच हिशेब मांडावा लागतो. कोणत्या उद्योगात कोणते खाते जड आहे हे एकदा कळले की ‘इंधन बदलल्याने किती फरक पडेल’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती आलेले असते.

हद्द कुठे आखायची

दुसरे काम म्हणजे कारखान्याची हद्द ठरवणे. स्वयंवापराचे वीज केंद्र हद्दीच्या आत धरायचे का? खाणीतील डंपरांचे डिझेल? बाहेरून विकत घेतलेला अर्धा तयार माल? उत्तर काहीही असले तरी चालते, मात्र दोन्ही देशांना तेच लागू केले पाहिजे.

बांगलादेशचे उदाहरण इथे फार बोलके आहे. तिथले बहुतेक सिमेंट कारखाने क्लिंकर, म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून मिळणारे सिमेंटचे खडे, आयात करून फक्त दळतात; भट्टी असलेले कारखाने अपवादात्मक आहेत आणि त्यांपैकी छातक येथील एका कारखान्याला चुनखडीदेखील मेघालयातून सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या वाहक पट्ट्यावरून येते. केवळ दळणाऱ्या कारखान्यात भट्टीच नसल्याने तिथे इंधनाचा आकडा नगण्य दिसतो. त्यावरून बांगलादेशचे सिमेंट स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढला, तर ज्या देशात ते क्लिंकर भाजले गेले त्याचा धूर हिशेबातून गायब होतो. म्हणून सिमेंटची तुलना करताना प्रथम प्रति टन क्लिंकर आकडा काढावा आणि सिमेंटचा आकडा त्यावरून पुढे काढावा. उलट दिशेने कधीही जाऊ नये.

एकके जुळवून घ्या

भारतीय सिमेंट उद्योग उष्णता किलोकॅलरी प्रति किलो क्लिंकर अशी मोजतो, युरोप मेगाज्यूल किंवा गिगाज्यूल वापरतो आणि अमेरिकेत दशलक्ष बीटीयू प्रति ‘शॉर्ट टन’ हे एकक अजूनही भेटते. सर्व आकडे गिगाज्यूल प्रति मेट्रिक टन या एकाच एककात आणावेत. किलोकॅलरी प्रति किलोला ०.००४१८६८ ने गुणले की गिगाज्यूल प्रति टन मिळतात, आणि अमेरिकी आकड्याला सुमारे १.१६३ ने गुणावे लागते, कारण तिथला शॉर्ट टन ९०७ किलोंचाच असतो.

याहून अधिक घोळ घालणारी बाब म्हणजे इंधनाचे उष्मांक मूल्य स्थूल धरले आहे की निव्वळ. स्थूल मूल्यात ज्वलनातून निर्माण झालेल्या वाफेची उष्णताही धरलेली असते, निव्वळ मूल्यात ती वगळलेली असते. कोळशासाठी हा फरक साधारण ५ टक्के, तर नैसर्गिक वायूसाठी १० टक्क्यांच्या आसपास पडतो. भारतात २०१२ पासून कोळशाची प्रतवारी स्थूल मूल्यावर होते. जी-१० प्रतीचा कोळसा म्हणजे ४,३०० ते ४,६०० किलोकॅलरी प्रति किलो, आणि हे मूल्य स्थूल असते. अमेरिकेची ऊर्जा आकडेवारीही बहुतांशी स्थूल मूल्यावर आधारलेली आहे. याउलट हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, दिलेले उत्सर्जन गुणांक निव्वळ मूल्यासाठी आहेत. स्थूल मूल्याच्या उष्णतेला निव्वळ मूल्याचा गुणांक लावला, तर वायू वापरणाऱ्या देशाचे उत्सर्जन विनाकारण दहा टक्क्यांनी फुगते. प्रत्यक्षात ही चूक प्रकाशित अहवालांतही आढळते आणि ती पकडणे अवघड असते, कारण उत्तर तसे वाजवीच दिसत राहते.

पुढील गणितांत लागणारे आयपीसीसीचे गुणांक असे: दगडी कोळशासाठी प्रति गिगाज्यूल ९४.६ किलो, पेटकोकसाठी ९७.५ किलो, फर्नेस ऑइलसाठी ७७.४ किलो, लिग्नाइटसाठी १०१ किलो आणि नैसर्गिक वायूसाठी ५६.१ किलो कार्बन डायऑक्साइड.

वर्षही जुळवावे. भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, ऑस्ट्रेलियाच्या नियामक अहवालांचे जुलै ते जून, आणि बहुतेक इतर देशांचे जानेवारी ते डिसेंबर. स्थिर काळात या फरकाने काही बिघडत नाही; परंतु २०२० किंवा २०२२ सारख्या वर्षी उत्पादन वा इंधनाच्या किमती अचानक हलल्या असतील, तर तुलना तिरपी होते.

सिमेंट: संपूर्ण हिशेब

एक टन क्लिंकर घ्या. चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेट तापल्यावर १०० भागांतून ५६ भाग चुना आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड सुटतो. क्लिंकरमध्ये चुन्याचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून ०.६५ ला ४४ भागिले ५६ ने गुणले की ०.५१ टन येतात. थोड्या मॅग्नेशियम कार्बोनेटचा वाटा मिळवला की हा आकडा ०.५२५ टनांच्या जवळ जातो. हे तिसरे खाते. भट्टीत कोळसा जाळा, वायू जाळा किंवा हायड्रोजन जाळा, या खात्यात एक किलोचाही फरक पडत नाही. नॉर्वेत ब्रेविक येथील सिमेंट कारखान्यात वर्षाला सुमारे ४ लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखाली पाठवणारा प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला, तो याच कारणाने: इंधन कितीही सुधारले तरी दगडातला वायू उरतोच.

आता पहिले खाते. पाच-सहा टप्प्यांचा प्रीहीटर (कच्चा माल आधी तापवणारा मनोरा) आणि कॅल्सायनर (चुनखडीतला वायू आधीच काढणारी जोडभट्टी) असलेल्या आधुनिक कोरड्या प्रक्रियेच्या भट्टीला प्रति किलो क्लिंकर सुमारे ७४० किलोकॅलरी, म्हणजे प्रति टन ३.१ गिगाज्यूल उष्णता लागते, असे धरू. भारतातील चांगल्या भट्ट्या याहूनही खाली जातात. कोळशावर हे उत्सर्जन २९३ किलो, पेटकोकवर ३०२ किलो आणि नैसर्गिक वायूवर १७४ किलो येते. दगडातले ५२५ किलो मिळवले की एकूण आकडे अनुक्रमे ८१८, ८२७ आणि ६९९ किलो होतात.

येथे थांबून नीट पाहावे. कोळशाऐवजी वायू वापरल्याने इंधनाचे उत्सर्जन ४० टक्क्यांनी घटले, पण एकूण उत्सर्जन केवळ साडेचौदा टक्क्यांनी. जाहिरातीत पहिला आकडा छापला जातो.

भट्टीच्या प्रकाराचा परिणाम याहून मोठा असू शकतो. जुन्या ओल्या प्रक्रियेत कच्चा माल पाण्यात कालवून भट्टीत सोडतात आणि ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. अशा भट्टीला प्रति टन ५.५ गिगाज्यूल सहज लागतात. रशिया आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातील इतर देशांत अशा भट्ट्या दीर्घकाळ नैसर्गिक वायूवर चालल्या. ५.५ ला ५६.१ ने गुणा: ३०९ किलो. म्हणजे वायूवरची जुनी ओली भट्टी कोळशावरच्या नव्या कोरड्या भट्टीपेक्षा इंधनापोटी अधिक कार्बन सोडते. देशाच्या इंधनाचे नाव ऐकून मत बनवू नये, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता क्लिंकरवरून सिमेंटकडे. भारतात विकल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये मिश्र सिमेंटचा वाटा मोठा आहे. भारतीय मानकांनुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश आणि पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के झोतभट्टीची, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या भट्टीची, मळी (स्लॅग) चालते. त्यामुळे देशभराची सरासरी काढली तर एक टन सिमेंटमध्ये सुमारे ०.७ टन क्लिंकर असते. अमेरिकेत हेच प्रमाण दीर्घकाळ ०.९ च्या आसपास राहिले. कोळशावरच्या आपल्या ८१८ किलोंना ०.९ ने गुणले तर ७३६ येतात आणि ०.७ ने गुणले तर ५७३. घट २२ टक्क्यांची, म्हणजे इंधन बदलण्याने मिळणाऱ्या घटीपेक्षा बरीच जास्त.

मात्र येथेही एक खोच आहे. अमेरिकेत फ्लाय ॲश आणि मळी बऱ्याचदा सिमेंट कारखान्यात नव्हे, तर रेडीमिक्स काँक्रीटच्या प्लांटवर मिसळली जाते. सिमेंटच्या पातळीवर अमेरिका वाईट दिसते, काँक्रीटच्या पातळीवर हा फरक बराच आकसतो. ज्याला प्रामाणिक तुलना करायची आहे त्याने प्रति टन क्लिंकर आणि प्रति घनमीटर काँक्रीट असे दोन्ही आकडे द्यावेत. मधला सिमेंटचा आकडा एकटा देऊ नये.

विजेचे खाते लवकर आटोपते. एक टन सिमेंटसाठी सुमारे ८० युनिट वीज लागते. भारतीय ग्रीडचा गुणांक प्रति युनिट साधारण ०.७ किलो धरला तर ५६ किलो. भट्टीच्या उष्ण वायूंवर टाकाऊ उष्णतेपासून वीज करणारे संयंत्र असेल तर ती वीज आधी वजा करावी, कारण तिचे इंधन पहिल्या खात्यात आधीच मोजलेले असते.

इंधनाचे मिश्रण वाचताना

कोणत्या देशात कोणते इंधन आहे, यामागे भूगोलापेक्षा अनेकदा भाव आणि सरकारी निर्णय असतात. इजिप्तमधील सिमेंट उद्योग अनुदानित वायू आणि माझुत या जड इंधन तेलावर उभा राहिला. वायूचा तुटवडा पडल्यावर २०१४ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने कोळसा वापरण्यास परवानगी दिली आणि काही वर्षांतच बहुतेक कारखान्यांनी कोळसा व पेटकोक स्वीकारला. ब्राझीलचे सिमेंट मुख्यतः पेटकोकवर चालते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात पेटकोक व फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घातली, आणि डिसेंबरमध्ये सिमेंट उद्योगाला त्यातून सूट दिली, कारण पेटकोकमधले गंधक भट्टीतील चुना बऱ्याच अंशी शोषून घेतो. त्यामुळे २०१४ चा इजिप्त आणि २०१७-१८ चा भारत या आकड्यांवरून दीर्घकालीन निष्कर्ष काढू नयेत; निदान तीन-चार वर्षांची मालिका घ्यावी.

भारतीय सिमेंट कंपन्या इंधनाचा खर्च ‘हजार किलोकॅलरीला इतके रुपये’ असा मोजतात आणि त्या भावावर कोळसा की पेटकोक हे ठरते. वजनात पाहिले तर चित्र फसवे होते. ४,००० किलोकॅलरीचा देशी कोळसा एक टन क्लिंकरसाठी १८५ किलो लागतो, तर ८,००० किलोकॅलरीचा पेटकोक ९२ किलोंत भागतो. ‘कोळशाचा वापर निम्म्यावर आला’ अशी बातमी वाचली तर आधी तपासावे की वापर घटला, की केवळ इंधन बदलले. शिवाय त्या १८५ किलो कोळशात ३५ टक्के राख असेल, तर सुमारे ६५ किलो राख क्लिंकरमध्येच मिसळते आणि तिच्यातील सिलिका सामावून घेण्यासाठी अधिक चांगल्या प्रतीची चुनखडी लागते. पेटकोकमध्ये राख जवळजवळ नसते, म्हणून हलक्या प्रतीची चुनखडीही चालून जाते आणि खाणीचे आयुष्य वाढते. उलट गंधकामुळे प्रीहीटरमध्ये थर साचून भट्टी थांबवण्याची वेळ येऊ शकते. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-राजुरा भागातील चुनखडी आणि वेस्टर्न कोलफिल्ड्सचा कोळसा शेजारीशेजारी आहेत म्हणूनच तिथे सिमेंटचे कारखाने एकवटले; तरीही भाव अनुकूल असेल तेव्हा दूरवरून पेटकोक आणणे परवडू शकते, ते या गणितामुळे.

‘पर्यायी इंधन’ हा रकाना मात्र सर्वांत जास्त सावधपणे वाचावा. जर्मनीत त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात आहे आणि भारतात तो अजून एक आकडी आहे. परंतु पर्यायी इंधन म्हणजे खनिज नसलेले इंधन नव्हे. प्लास्टिक, जुने टायर, सॉल्व्हंट यांतील कार्बन मुळात तेलाच्या विहिरीतूनच आलेला असतो. युरोपच्या उत्सर्जन व्यापार व्यवस्थेत फक्त जैविक भागाला, म्हणजे लाकूड, सुकवलेला मैला, टायरमधील नैसर्गिक रबर इत्यादींना, शून्य धरण्याची मुभा आहे. तेव्हा तक्त्यात हा रकाना दोन भागांत फोडावा: जैविक आणि खनिज. अहवालात ही फोड दिलेली नसेल, तर संपूर्ण पर्यायी इंधन खनिज धरून एक आकडा आणि संपूर्ण जैविक धरून दुसरा आकडा काढावा. खरे उत्तर या दोहोंमध्ये असते.

ॲल्युमिनियम: विजेचा उगम शोधा

एक टन ॲल्युमिनियमसाठी सुमारे दोन टन अल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) लागते, आणि बॉक्साइटपासून एक टन अल्युमिना काढताना वाफ व भाजणी मिळून साधारण १० गिगाज्यूल उष्णता खर्च होते. म्हणजे २० गिगाज्यूल: कोळशावर १.९ टन, वायूवर १.१ टन कार्बन डायऑक्साइड. या टप्प्यावर देशादेशांत बराच फरक आहे. भारतातील अल्युमिना कारखाने प्रामुख्याने कोळशाच्या बॉयलरवर, पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिंजारा आणि वॅगरप वायूवर, तर त्याच देशात क्वीन्सलँडमधील ग्लॅडस्टोन येथे कोळसाही वापरला जातो. ‘ऑस्ट्रेलिया’ अशी एकच ओळ लिहिणे म्हणूनच दिशाभूल करणारे ठरते.

विद्युतघटातील ॲनोड पेटकोक आणि डांबराच्या पिचपासून बनतात आणि धातूच्या प्रत्येक टनामागे ४०० किलोंहून थोडे अधिक झिजतात. त्यातून सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. हे दुसरे खाते आइसलँडमध्येही तेवढेच असते आणि ओडिशातही तेवढेच.

राहिली वीज: टनामागे सुमारे १४ हजार युनिट. कोळशावर युनिटमागे जवळपास एक किलो धरला तर १४ टन. आधुनिक संयुक्त चक्राच्या वायू केंद्रातून ०.४ किलो धरला तर ५.६ टन, जलविद्युत असेल तर जवळजवळ शून्य. बेरीज केली की कोळशावरच्या देशात सुमारे १७.४ टन, बहरीन किंवा संयुक्त अरब अमिरातीसारख्या वायूवरच्या देशात ८ टनांच्या वर, आणि जलविजेवरच्या नॉर्वे, आइसलँड वा क्वेबेकमध्ये, वायूवर काढलेली अल्युमिना धरून, २.६ टन. सिमेंटमध्ये जे अंतर टक्क्यांचे होते ते येथे पटींचे झाले.

म्हणून ॲल्युमिनियमसाठी देशाच्या ग्रीडची सरासरी कधीही वापरू नये. हिराकूड, रेणुकूट, झारसुगुडा, कोरबा, अंगुल येथील भारतीय प्रगालक, म्हणजे धातू गाळणारे कारखाने, स्वतःच्या किंवा शेजारच्या कोळसा केंद्रांवर उभे राहिले. त्यांना भारतीय ग्रीडचा ०.७ लावला तर आकडा बराच कमी दिसतो. चीनमध्ये शांडोंग आणि शिंजियांगमधील प्रगालक कोळशावर, तर युनानमधील जलविजेवर. काही क्षमता शांडोंगमधून युनानमध्ये हलवली गेली, आणि नंतर युनानमध्ये पाऊस कमी पडल्यावर २०२१ ते २०२३ या काळात तिथल्या प्रगालकांवर वीजकपात लादली गेली. प्रांत आणि वर्ष दोन्ही न सांगता ‘चिनी ॲल्युमिनियम’ असा आकडा देणे निरर्थक आहे.

लोखंड: कार्बनची जमाखर्च वही

झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद करताना सरासरी ७८० किलो धातुकर्मीय कोळसा लागतो, असे जागतिक पोलाद संघटनेचे आकडे सांगतात. त्यातला किती उष्णतेसाठी आणि किती क्षपणासाठी (खनिजातील ऑक्सिजन काढण्यासाठी), हे वेगळे काढण्यात वेळ दवडू नका. आत आलेला सगळा कार्बन जमेला लिहा, मालातून व उपपदार्थांतून बाहेर गेलेला कार्बन वजा करा, आणि उरलेल्याला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणा.

स्पंज आयर्न, म्हणजे खनिज न वितळवता त्यातला ऑक्सिजन काढून केलेले लोखंड, यासाठी ही पद्धत विशेष उपयोगी पडते. या मालाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे आणि त्यातील बहुतांश भाग रायपूर, राउरकेला, बल्लारी, घुग्घुस अशा ठिकाणच्या कोळशावरील फिरत्या भट्ट्यांतून येतो; दुसऱ्या क्रमांकाच्या इराणमध्ये तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायूवर होतो. समजा, फिरत्या भट्टीत एक टन मालासाठी १,१०० किलो कोळसा गेला आणि त्यात ५० टक्के कार्बन होता, तर जमा ५५० किलो. २४० किलो डोलोचार (राखमिश्रित, अर्धवट जळालेला कोळसा) बाहेर पडला आणि त्यात २५ टक्के कार्बन उरला, तर ६० किलो वजा. मालात दोन किलो. शिल्लक ४८८ किलो कार्बन, म्हणजे सुमारे १,७९० किलो कार्बन डायऑक्साइड. डोलोचार पुढे बॉयलरमध्ये जाळून वीज केली जाते, तेव्हा त्यातून निघणारे २२० किलो चौथ्या खात्यात जातात. येथेच विसर पडला तर एकाच कोळशाची मोजणी कुठेच होत नाही, आणि घाई केली तर दोनदा होते. वायूच्या मार्गाने सुमारे १० गिगाज्यूल लागतात, म्हणजे ५६१ किलो. कोळशाच्या तुलनेत हे एक तृतीयांशाहून कमी आहे. अर्थात फिरत्या भट्टीच्या उष्ण वायूंवरही वीज केली जात असेल, तर तिचे श्रेय कोळशाच्या बाजूला द्यायला हवे. तरीही दरी बुजत नाही. सिमेंटमध्ये जो बदल साडेचौदा टक्के देतो, तोच येथे दोन तृतीयांश देतो, कारण लोखंडात दगडाचे खाते जवळजवळ रिकामे आहे. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथे वायूवरील स्पंज आयर्न संयंत्र १९९० च्या दशकातच उभे राहिले, तरी देशभर हा मार्ग पसरला नाही, तो वायूच्या उपलब्धतेमुळे आणि भावामुळे.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात निलगिरीच्या झाडांच्या लाकडी कोळशावर चालणाऱ्या छोट्या झोतभट्ट्या आहेत. त्यांचा लाकडी कोळसा खनिज इंधनात धरू नये, मात्र तो लागवडीच्या झाडांचा आहे की नैसर्गिक जंगलाचा, ही नोंद शेजारी करावी.

आकडे कुठे मिळतात आणि काय लपवतात

युरोपात उत्सर्जन व्यापार व्यवस्थेखालील प्रत्येक कारखान्याचे पडताळलेले वार्षिक उत्सर्जन सार्वजनिक नोंदवहीत मिळते, पण त्यात वीज विकत घेतल्याचे उत्सर्जन नसते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सिमेंटवरील वार्षिक प्रकरणात ओल्या व कोरड्या भट्ट्यांनी जाळलेल्या इंधनांचा तक्ता असतो. ॲल्युमिनियमसाठी आंतरराष्ट्रीय ॲल्युमिनियम संस्था प्रदेशवार विजेचा स्रोत प्रसिद्ध करते. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ‘पॅट’ या ऊर्जाबचत योजनेने २०१२ पासून कारखानावार विशिष्ट ऊर्जावापराची उद्दिष्टे अधिसूचित केली. मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे शाश्वतता अहवालही द्यावा लागतो. आणि खनिजांच्या बाजूची माहिती नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोच्या वार्षिक ग्रंथात सापडते.

देशपातळीवरील ऊर्जा ताळेबंद वापरताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्यांत सिमेंट स्वतंत्र नसते. ‘अधातू खनिजे’ या ओळीत काच, चुना, चिनी माती आणि विटाही असतात, आणि भारतासारख्या देशात वीटभट्ट्यांचा कोळसा काही थोडाथोडका नाही. दुसरे असे की आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मांडणीत स्वयंवापराच्या वीज केंद्रांचा, कोक भट्ट्यांचा आणि झोतभट्ट्यांचा कोळसा ‘उद्योग’ या ओळीत नव्हे, तर ‘रूपांतर’ या विभागात जातो. केवळ उद्योगाची ओळ वाचणाऱ्याला भारतीय ॲल्युमिनियम जवळपास निर्धूर दिसेल.

युरोपात माल पाठवणाऱ्यांसाठी हद्दीचा प्रश्न आता थेट पैशाचा झाला आहे. युरोपीय संघाच्या सीमा कार्बन शुल्काचा अहवाल देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि प्रत्यक्ष शुल्काचा टप्पा जानेवारी २०२६ मध्ये सुरू झाला. त्यात सिमेंटसाठी विजेचे उत्सर्जन मोजले जाते, पण लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमसाठी तूर्त फक्त प्रत्यक्ष उत्सर्जन धरले जाते. म्हणजे ॲल्युमिनियमचे सर्वांत जड खाते, ते १४ टन, या हिशेबात येतच नाही. त्या नियमाखालील आकडा आणि वर काढलेला १७.४ चा आकडा एकमेकांशेजारी ठेवून ‘कोणता खरा’ असे विचारू नये. दोन्ही खरे आहेत आणि त्यांची हद्द निराळी आहे. या कारणाने प्रत्येक आकड्याखाली एका ओळीत वर्ष, हद्द, छेद (क्लिंकर की सिमेंट, अल्युमिना की धातू), उष्मांक मूल्याचा प्रकार आणि विजेचा गुणांक लिहून ठेवावा.

प्रसिद्ध करण्यापूर्वीची चाचणी

शेवटी प्रत्येक उत्तर निसर्गाच्या आणि तंत्राच्या मर्यादांशी पडताळावे. क्लिंकरसाठी उष्णता प्रति टन २.८ गिगाज्यूलहून कमी आली, तर बहुधा छेदात क्लिंकरऐवजी सिमेंट आले आहे, ६.५ हून जास्त आली, तर स्वयंवापराच्या वीज केंद्राचा कोळसा भट्टीत मिसळला गेला असण्याची शक्यता आहे. दगडातून येणारा कार्बन डायऑक्साइड प्रति टन क्लिंकर ०.५० ते ०.५४ टनांच्या बाहेर गेला, तर रसायनशास्त्र नव्हे, तक्ता चुकला आहे. ॲल्युमिनियमच्या घटांची वीज प्रति टन साडेबारा हजार युनिटांखाली किंवा सतरा हजारांवर असेल, तर मूळ कागद पुन्हा उघडावा. दगडी कोळशाचा गुणांक प्रति गिगाज्यूल ९० किलोंच्या खाली निघाला, तर कुठेतरी स्थूल मूल्य शिरले आहे असे समजून उष्मांकाचा रकाना आधी तपासावा.